हात वर न करता काढलेला फोटो

फोटो काढायचा तर हात वर करावा लागतो. ही गोष्ट इतकी साधी आहे की तिच्याकडे आपलं कधी लक्षच गेलं नाही. फोन खिशातून बाहेर येतो, डोळ्यांच्या उंचीवर धरला जातो, क्षणभर तसाच राहतो. तेवढ्या वेळात समोरच्या माणसाला बरंच काही करता येतं. केस सारखे करता येतात, हसता येतं, पाठ फिरवता येते, ओढणी तोंडावर घेता येते, नाहीतर सरळ "काय चाललंय?" असं विचारता येतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हे दर आठवड्याला बघायला मिळतं. चोरिसांच्या माळा, मडकी, केळ्यांचे घड बघून पर्यटक थांबतात, फोन वर जातो, आणि मागे बसलेली बाई एकतर तोंड फिरवते नाहीतर "फोटो कित्याक काडटा? कितें जाय तें घे" म्हणून ठणकावते. तिला हा हक्क कुणी शिकवलेला नाही. समोरचा हात वर गेलेला तिला दिसतो, एवढं पुरतं.

आता कॅमेरा चष्म्यात आला आहे. मेटा (म्हणजे आपली फेसबुक-इन्स्टाग्रामवाली कंपनी) आणि रे-बॅन यांचे चष्मे १९ मे २०२५ पासून भारतात विकत मिळू लागले, किंमत २९,९०० रुपयांपासून पुढे. दिसायला अगदी साधा, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा. फ्रेमच्या एका कोपऱ्यात १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा, दुसऱ्या कोपऱ्यात बारीकसा पांढरा दिवा. काडीवरचं बटण दाबलं किंवा नुसतं तोंडानं सांगितलं की फोटो निघतो, व्हिडिओ सुरू होतो. हात खिशात राहिला तरी चालतो.

अशा चष्म्यांबद्दल कुणी कुरकुर केली की आपल्या पिढीकडून एक ठरलेलं उत्तर मिळतं. "फोन सगळ्यांकडे आहेत, सीसीटीव्ही कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, आता चष्म्यानं असा काय फरक पडणार?" माझं म्हणणं असं की फरक पडतो, आणि तो त्या वर जाणाऱ्या हाताचाच आहे. सीसीटीव्ही एका जागी खिळलेला असतो. तो दुकानाचा आहे की पोलिसांचा, हे विचारता येतं, आणि तो आपल्या मागून बसमध्ये चढत नाही. फोन दिसतो. चष्मा मात्र बोलताना थेट आपल्या डोळ्यांत बघतो, आणि कुणाच्या डोळ्यांत बघून बोलणं हे तर आपण विश्वासाचं लक्षण मानतो.

लोकांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली होती, आणि त्याबद्दल त्यांना उगाच मागासलेले ठरवलं गेलं. गूगल ग्लासची गोष्ट आठवून पाहा. (आपण तेव्हा शाळेत होतो, त्यामुळे 'आठवून' म्हणजे वाचून.) जून २०१२ मध्ये गूगलनं मोठ्या थाटात त्याचं प्रात्यक्षिक केलं. सॅन फ्रान्सिस्कोवर आकाशातून उड्या मारणाऱ्यांच्या डोळ्यांवर ते चष्मे होते आणि खाली सभागृहातले लोक त्यांना दिसतंय तेच पडद्यावर बघत होते. २०१३ साली निवडक लोकांना १,५०० डॉलरला तो मिळू लागला. पण बाजारात धड यायच्या आधीच, मार्च २०१३ मध्ये, सिअ‍ॅटलमधल्या 'द फाइव्ह पॉइंट कॅफे' या बारनं जाहीर केलं की इथे ग्लास घालून येऊ नये. त्यात थोडी गंमत असेल, थोडी जाहिरातही असेल. पण पाठोपाठ इतर ठिकाणीही तसंच होत गेलं. चष्मा घालून हिंडणाऱ्यांसाठी अमेरिकेत 'ग्लासहोल' अशी शिवीच तयार झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये गूगलनं स्वतःच आपल्या ग्राहकांना सूचना काढल्या, त्यांत हा शब्द वापरून सांगितलं की तसं वागू नका. कोपऱ्यात उभं राहून लोकांकडे टक लावून चित्रण करू नका, आधी परवानगी घ्या. म्हणजे बघा, एवढी मोठी कंपनी, आणि तिला आपल्याच ग्राहकांना चारचौघांत कसं वागावं हे शिकवावं लागलं.

जानेवारी २०१५ मध्ये ग्लासची ती विक्री थांबली. केवळ लोकांच्या रागामुळे थांबली असं म्हणणं खरं नाही. चष्मा महाग होता, बॅटरी लवकर संपायची, आणि एवढं करून तो नक्की कशासाठी घ्यायचा हे गूगललाही नीट सांगता येत नव्हतं. तरी राग हे एक मोठं कारण होतंच. अमेरिकेत तेव्हा या चष्म्यांसाठी वेगळा कायदा नव्हता, कुठलं न्यायालय मध्ये पडलं नव्हतं. बारमधल्या, कॅफेमधल्या, ट्रेनमधल्या माणसांच्या चेहऱ्यावर जी नाराजी उमटली, तिनं ते काम केलं.

या नाराजीचा फटका चष्मा घालणाऱ्यांनाही बसला, हेही सांगायला हवं. जानेवारी २०१४ मध्ये ओहायोतल्या कोलंबस शहरात एक गृहस्थ नंबरचा ग्लास घालून सिनेमाला गेले. सिनेमाची चोरटी प्रत काढताय या संशयावरून त्यांना थिएटरबाहेर नेऊन सरकारी अधिकाऱ्यांनी चौकशी केली. कॅमेरा बंद होता. टोरांटो विद्यापीठाचे प्राध्यापक स्टीव्ह मॅन १९८० च्या दशकापासून अंगावर घालायचे कॅमेरे बनवत आणि वापरत आले आहेत. जुलै २०१२ मध्ये पॅरिसमधल्या एका बर्गरच्या दुकानात आपला चष्मा ओढायचा प्रयत्न झाला, धक्काबुक्की झाली, असं त्यांनी सांगितलं होतं. कॅमेरा चालू आहे की बंद, हे समोरच्याला कळायची सोय नसली की असंच होतं. जो चित्रण करत नाही त्याच्यावरही संशय येतो.

मॅन यांचं नाव आलंच आहे तर त्यांचा मुद्दाही ऐकायला हवा, कारण चष्म्यांच्या बाजूनं केलेला तोच सगळ्यात जोरकस युक्तिवाद मला वाटतो. त्यांचं म्हणणं असं, की सरकार आणि कंपन्या वरून खाली आपल्यावर नजर ठेवतात. मग सामान्य माणसाकडेही कॅमेरा असू दे, त्यानं खालून वर नजर ठेवू दे. हे पटण्यासारखं आहे. पण मग मे २०२० मध्ये मिनियापोलिसला काय झालं ते बघा. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर पोलिसानं गुडघा दाबून धरला होता. ते चित्रण एका सतरा वर्षांच्या मुलीनं केलं, हातात फोन उघडपणे धरून, पोलिसांना दिसत असताना, तिथून न हलता. त्या व्हिडिओमुळे खटला उभा राहिला. लपवलेला कॅमेरा तिथे लागला नाही. "मी बघतेय" हे त्या मुलीनं हात वर करून सांगितलं, आणि मला तर वाटतं की तिच्या साक्षीचा अर्धा जोर त्या हातात होता.

दुसरा एक युक्तिवाद नेहमी होतो: नवं यंत्र आलं की लोक घाबरतातच, मग सवय होते. उदाहरण म्हणून कोडॅक कॅमेऱ्याचं नाव घेतात. १८८८ मध्ये तो हातात मावणारा कॅमेरा आला तेव्हाही लोक बिथरले होते, आणि पुढे काही झालं नाही, असं म्हणतात. पण झालं की! डिसेंबर १८९० मध्ये सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. त्यात चटकन निघणाऱ्या छायाचित्रांचा आणि वृत्तपत्रांच्या भोचकपणाचा उल्लेख स्पष्ट आहे. खासगीपणाबद्दलच्या आजच्या कायदेशीर विचाराची सुरुवात बरेच जण त्या लेखापासून धरतात. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं, त्या निकालपत्रातही या लेखाची चर्चा आहे. (तो खटला लढणारे पुट्टस्वामी हे शेजारच्या कर्नाटकातल्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते.) म्हणजे लोक घाबरले, रागावले आणि त्यातून पुढे एक हक्क घडत गेला. सवय होऊन सगळे गप्प बसले असते तर तो घडला नसता.

मग ग्लासवर एवढे भडकलेले लोक आता का भडकत नाहीत? उत्तर फार सोपं आहे. २०१३ साली रागावायला समोर काहीतरी दिसायचं. भुवईपाशी काचेचा एक तुकडा बाहेर आलेला असायचा, शंभर पावलांवरून कळायचं. मधल्या काळात, २०१६ साली, स्नॅपचॅटनंही चष्मे काढले होते, ते तर रंगीबेरंगी खेळण्यासारखे होते आणि चित्रण चालू असताना कॅमेऱ्याभोवती दिव्यांचं कडं फिरायचं. मग २०२१ साली फेसबुकनं थेट रे-बॅनची फ्रेमच घेतली, जी गेली कित्येक वर्षं कुणाच्याही नाकावर असते. लोकांची नाराजी कंपन्यांनी अशी मिटवली: ज्यावर नाराज व्हायचं ती वस्तूच दिसेनाशी केली.

उरला तो दिवा. हात वर जाण्याच्या जागी कंपनीनं आपल्याला हा दिवा दिला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयर्लंड आणि इटलीच्या विदा-संरक्षण अधिकाऱ्यांनी विचारलं होतं की एवढ्याशा दिव्यावरून लोकांना चित्रण चाललंय हे कळेल कशावरून? ते सिद्ध करून दाखवा आणि लोकांना माहिती द्या, असं त्यांनी फेसबुकला सांगितलं. २०२३ च्या चष्म्यात दिवा मोठा झाला आणि तो झाकला तर कॅमेरा चालत नाही अशी व्यवस्था केली गेली. चांगलंच केलं. पण २०२५ साली अमेरिकेतल्या पत्रकारांनी दाखवून दिलं की साठेक डॉलर घेऊन हा दिवा निकामी करून देणारे लोकही आहेत. आणि दिवा चालू असला तरी कांदोळीच्या किनाऱ्यावर दुपारी बाराच्या उन्हात तो कुणाला दिसणार? दिसला तरी त्याचा अर्थ कुणाला माहीत? वर गेलेला हात आजीलाही कळतो आणि चार वर्षांच्या पोरालाही. दिव्याचा अर्थ फक्त त्या चष्म्याची जाहिरात पाहिलेल्यांना कळतो.

जपानचं उदाहरण इथे बघण्यासारखं आहे. तिथे मोबाइलमध्ये कॅमेरे आले तेव्हा चोरून फोटो काढण्याचे प्रकार वाढले, म्हणून कंपन्यांनी फोटो काढताना होणारा 'खट्' आवाज बंदच करता येणार नाही अशी सोय केली. तिथे विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये ही रीत टिकून आहे. आवाज ऐकायला वळून बघावं लागत नाही, हे त्यातलं शहाणपण.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर दोन गोष्टी सांगते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठानं (हे जेझुइट संस्थेचं, म्हणजे आपल्या कॉलेजचं लांबचं भावंडच) आपल्या विद्यार्थ्यांना इशारा दिला: कॅम्पसवर एक माणूस असे चष्मे घालून मुलींशी बोलायला येतोय आणि ते व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकले जात असावेत. मुलीला वाटतं कुणीतरी ओळख करून घेतोय. ती ओशाळून हसते, काहीतरी उत्तर देऊन निघून जाते. ते ओशाळं हसू मग हजारो लोक बघतात, खाली शेरे मारतात. त्याच्या आदल्या वर्षी हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करून दाखवला. चष्म्यातून येणारं चित्र त्यांनी चेहरे शोधणाऱ्या एका संकेतस्थळाशी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका साधनाशी जोडलं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे बघितलं की थोड्या वेळात त्याचं नाव, कधी पत्ताही, त्यांच्या फोनवर येत होता. धोका दाखवण्यासाठीच त्यांनी हे केलं आणि आपली प्रणाली कुणाला दिली नाही. पण त्यांनी वापरलेले सगळे भाग बाजारात उपलब्ध होते, हे विसरून चालणार नाही.

कंपनी काय करते तेही बघा. चष्म्यानं टिपलेलं दृश्य दाखवून "हे काय आहे?" असं त्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारलं, तर ते चित्र तिला शिकवण्यासाठी वापरलं जाऊ शकतं, असं मेटानं २०२४ साली अमेरिका आणि कॅनडाच्या ग्राहकांबद्दल मान्य केलं होतं. ग्राहकानं निदान अटींवर 'मान्य' म्हणून बोट टेकवलेलं असतं. चित्रात मागे उभ्या असलेल्या माणसाला कुणी काही विचारलेलंच नसतं.

गोव्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण आपण फोटोंवर जगणारा प्रदेश आहोत. जानेवारी २०२३ मध्ये पर्यटन खात्यानं पर्यटकांसाठी सूचना काढल्या. त्यांत एक अशी होती की अनोळखी लोकांचे, विशेषतः समुद्रात पोहणाऱ्यांचे किंवा किनाऱ्यावर ऊन खात पडलेल्यांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये घराच्या दारातच फोटोशूट करणाऱ्यांना कंटाळून लोकांनी 'फोटो काढू नये' अशा पाट्या लावल्या. पाट्या असोत की सूचना, त्यांचा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर आहे: फोटो काढणारा आपल्याला दिसेल. २०१५ साली कांदोळीच्या एका कपड्यांच्या दुकानात कपडे बदलायच्या खोलीकडे रोखलेला कॅमेरा तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांच्या लक्षात आला आणि देशभर गाजावाजा झाला. तो कॅमेरा दिसला म्हणून झाला.

"मग कायदा कशाला आहे?" असं कुणी विचारेल. कायदा आहे, पण मध्ये मोठं भगदाड आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ बाईचं खासगी क्षणी चोरून चित्रण करण्याला गुन्हा ठरवतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरतं आहे. कदंब बसमध्ये झोपलेली मुलगी, कँटीनमध्ये रडणारा मित्र, बाजारात घासाघीस करणारी आई, यांच्यापैकी कुणीच त्यात बसत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा (त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले) एखाद्या व्यक्तीनं स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही. व्हिडिओ टाकून पैसे कमावले तर ते 'घरगुती' कसं, हा वाद न्यायालयात घालता येईल. पण त्यासाठी आधी आपला व्हिडिओ निघालाय हे कळायला हवं ना!

सरसकट बंदी घाला असं मात्र मी म्हणणार नाही. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं, त्यांना हा चष्मा पाटी वाचून दाखवतो, समोर काय आहे ते सांगतो. 'बी माय आइज' या सेवेत अंध व्यक्ती आपल्यासमोरचं दृश्य स्वयंसेवकाला दाखवून मदत मागते. २०२४ पासून काही देशांत ती या चष्म्यांवरही मिळू लागली. हे हात मोकळे ठेवणारं साधन त्यांच्यासाठी केवढं मोलाचं आहे! आणि पांढऱ्या काठीकडे बघा. ती चालणाऱ्याला वाट दाखवते, शिवाय समोरच्यालाही काहीतरी सांगते. या चष्म्याला तेवढंच जमत नाही.

आता आपल्या कॉलेजपुरतं. हॉस्टेल, प्रसाधनगृहं, चॅपल, समुपदेशकांची खोली इथे कॅमेऱ्याचा चष्मा नको, याबद्दल फारसं दुमत व्हायचं नाही. वर्गाचं काय ते प्राध्यापकांनी आणि विद्यार्थी मंडळानं बसून ठरवावं. मला जास्त काळजी वाटते ती आपल्या साहित्य मंडळाच्या बैठकीची. तिथे फर्स्ट इयरची मुलं पहिल्यांदा स्वतःची कविता वाचतात. आवाज कापतो, मात्रा चुकतात, कुणी घरातलं दुखणं लिहून आणतं, कुणी कोकणी-मराठीची भेसळ करतं आणि त्यावर हशा पिकतो. वाचणाऱ्यानं जे लिहिलं असतं ते त्या खोलीतल्या पंधरा-वीस माणसांसाठी असतं. समोर कुणाच्या नाकावरचा चष्मा चालू आहे की नाही, ही शंका एकदा मनात शिरली की ती मुलं वाचतील, पण तीच कविता वाचणार नाहीत. जरा बेतानं लिहिलेली, कुणीही बघितली तरी चालेल अशी दुसरी एखादी वाचतील.

म्हणून मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी एक ठराव मांडणार आहे. ज्यांच्याकडे असा चष्मा आहे त्यांनी बैठकीपुरता तो घडी करून टेबलावर ठेवावा. तो नंबरचा असेल तर साधा चष्मा सोबत आणावा. ज्यांना डोळ्यांच्या अडचणीमुळे त्याची खरोखर गरज आहे त्यांनी सुरुवातीलाच तसं सगळ्यांना सांगावं आणि मग खुशाल घालावा. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी जरूर यावं. चष्मा असेल तर त्या दिवशी घालूनच या, म्हणजे तो दिवा मागच्या बाकावरून दिसतो का, तेही एकदा सगळ्यांनी मिळून बघू.